खरवडलेलं लेबल

सकाळी दहाच्या सुमाराला मी पंख्याखाली बसून चवळी निवडत होते. तेवढ्यात फोन थरथरला आणि मला कळवण्यात आलं, की माझ्या नवऱ्याचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा आहे. शब्द अर्थात असे नव्हते. शब्द सभ्य होते. सभ्य शब्द असले की मी चष्मा लावते. तुम्ही टाकलेली ध्वनिफीत हक्कभंगाच्या तक्रारीवरून काढून टाकण्यात आली आहे. गाण्याचं नाव, ओली चादर. हक्कदार, ओस्वाल्दो पेर्तूस, बारांकिया. हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत कळवावी. खाली एक राखाडी चौकोन होता. कालपर्यंत त्या चौकोनात आमच्या पिकोचं, म्हणजे रस्त्यावर नाचासाठी गाणी लावणाऱ्या आमच्या भोंग्यांच्या संचाचं, चित्र होतं, पांढऱ्या कापडावर रंगवलेला लांब पायांचा अल्काराव्हान पक्षी, चोच उघडी. चौकोन बघताना हातातली चवळी मी नकळत खड्यांच्या वाटीत टाकत गेले आणि मग दोन्ही वाट्या एकत्र करून पहिल्यापासून सुरुवात केली. एवढंच त्या सकाळी घडलं. शेजारच्या घरात कुणीतरी मासळी तळत होतं, रस्त्यावरून अवाकाडोवाला ओरडत गेला, आणि मी मनाशी म्हणाले, ओस्वाल्दो, म्हणजे तो नाकातून बोलणारा, पलीकडच्या गल्लीत पिको चालवणाऱ्या पेर्तूसचा थोरला.

‘ओली चादर’ हे नाव मी ठेवलेलं. ते गाणं आफ्रिकेतलं. कुठलं गाव, कुठली भाषा, आम्हाला काही पत्ता नव्हता. एका खलाशाने बोटीवरून आणलेल्या सात तबकड्यांतली ती चौथी. नाफेरने, माझ्या नवऱ्याने, ती पहिल्यांदा लावली तेव्हा मी मागच्या अंगणात चादर पिळत होते आणि पिळता पिळता थांबले. पाणी पायावर गळत राहिलं. नाफेरने दारातून माझ्याकडे बघितलं, गाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, “झालं. हिचं नाव ओली चादर.” तो म्हणाला म्हणजे मीच म्हणाले असं मी तेव्हापासून धरून चालले. लग्नात असे हिशेब होतातच. मग त्याने तबकडी माझ्यापुढे ठेवली आणि खिशातून नाणं काढून दिलं. आमच्या धंद्यात हे काम बायकांचं. पिको म्हणजे काही फक्त भिंतीएवढे भोंगे नव्हेत. भोंगे कुणीही रचतो. पिको म्हणजे तुझ्याकडे आहे आणि पलीकडच्या गल्लीत नाही असं गाणं. आणि ते पलीकडे जाऊ नये म्हणून तबकडीच्या मधल्या गोल कागदावरचं सगळं, गायकाचं नाव, गाण्याचं नाव, कंपनी, नाण्याच्या कडेने खरवडून काढायचं. ओला बोळा फिरवायचा, थोडं थांबायचं, मग खरवडायचं. घाई केली तर कागद फाटतो आणि खालच्या प्लास्टिकवर चरा पडतो. माझा हात हलका होता. रेबोलोतल्या, आमच्या वस्तीतल्या, चार पिकोंची लेबलं मी खरवडून दिली आहेत. कोण हलक्या हाताची आणि कोण भोचक, हे त्या बायकांना बरोबर कळायचं.

वाचायचं नाही, असा नाफेरचा नियम. “वाचलंस तर तोंडातून जाईल,” तो म्हणायचा. “आणि तुझ्या तोंडाला दार नाही.” दार नव्हतं हे खरं. म्हणून मी डोळे बारीक करून, अक्षरांचे नुसते किडे दिसतील अशा बेताने खरवडायची. आज कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल, की लेबल निळं होतं, वरच्या बाजूला छोटं सोनेरी काहीतरी, तारा नाहीतर कोळी, आणि नावात दोन उभ्या उंच काठ्या होत्या. त्या काठ्या शेवटपर्यंत निघेनात. थोरल्या पेर्तूसने, म्हणजे ओस्वाल्दोच्या बापाने, हे गाणं कुणाचं ते काढण्यासाठी सहा वर्षं घालवली. एकदा त्याने आपल्या बहिणीला युक्का कंदाचे उकडलेले बोय्यो विकायच्या मिषाने आमच्या दारात पाठवलं. बाई टोपली घेऊन सरळ तबकड्यांच्या खोलीत. मी म्हटलं, “अगं बाई, स्वयंपाकघर इकडे आहे, तिथे फक्त प्लास्टिक शिजतं.” बोय्यो मात्र ठेवून घेतले. चांगले होते.

यादिरा दुपारी औषधाच्या दुकानातून जेवायला आली. ती माझी मुलगी, चव्वेचाळीस वर्षांची, आणि आमच्या घरात कायदा कळणारी एकमेव व्यक्ती, कारण ती गोळ्यांच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचते. नाफेरच्या जुन्या कॅसेटी, नाचाच्या रात्री त्याच्या ओरडण्यासकट भरलेल्या, तिनेच काढल्या, बुरशी पुसली, एकेक वाजवून फोनमध्ये घेतली आणि आमच्या पानावर टाकली. चौदा कॅसेटी, एकेकीत एक गाणं. बहुतेक पट्ट्या, ‘ओल्या चादरी’चीही, एकदा वाजून तुटल्या, जणू तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. तो फोन पुढे बसमध्ये चोरीला गेला. त्या दुपारी तिने ताट बाजूला सारून उरलेली तेरा गाणी पानावरून उतरवून घेतली आणि ज्याच्यासाठी ती एवढी धडपडत होती ते चौदावं तिथे नव्हतं.

“आई, तेरा आहेत,” ती म्हणाली. “बाबांचा आवाज तेरा ठिकाणी आहे.”

“माहीत आहे.”

“मग ह्या एकासाठी त्या नाकपुड्याशी भांडायचं का?”

मी तिला पुन्हा भात वाढला. तिला कारण माहीत होतं, पण ते माझ्या तोंडून ऐकायची तिची इच्छा होती, आणि मला ते सांगायचं नव्हतं. माणूस साठी ओलांडल्यावर काही गोष्टी बोलल्या की हलक्या होतात. चौदा कॅसेटींत नाफेर एकूण एकशे बारा वेळा ओरडतो. मी मोजलेत, मला मोजायची सवय आहे. गाण्याच्या मध्येच, ढोलाच्या फटीत शिरून तो ओरडायचा, “अल्काराव्हान! झोपत नाही, झोपू देत नाही!” नाहीतर पलीकडच्या गल्लीला, “पेर्तूस, वही काढ, लिहून घे!” एकशे अकरा वेळा तो जगाशी बोलतो. एकदाच, ‘ओल्या चादरी’त, दुसरं कडवं संपताना गिटार खाली येते आणि गायक काहीतरी हाक मारल्यासारखं करतो, बरोबर तिथे, त्याच्यावर, नाफेर ओरडतो, “एनिल्दाऽऽ! ऐकतेयस ना?” घरात तो मला नावाने हाक मारत नसे. “अगं” म्हणायचा, किंवा टेबलावर चमचा वाजवायचा. आणि शेवटचे आठ महिने, अर्धांगाचा झटका आल्यानंतर, तेही नाही. उशीवर डोकं टाकून तो माझ्याकडे बघायचा, तोंड जरा उघडं, त्या कापडावरच्या पक्ष्यासारखं, आणि मी चमचा त्याच्या हातात देऊन बघायची.

ओस्वाल्दोचं दुकान बाजाराजवळ आहे. भोंगे, वायरी, फोनची कवचं. मी गेले तेव्हा तो एका भोंग्याच्या पोटात हात घालून बसला होता.

“मावशी! तुम्ही एवढ्या उन्हात? निरोप पाठवला असता तर मीच आलो असतो.”

“आला असतास. आणि दार कुणी उघडलं असतं?”

तो हसला. बापासारखाच हसतो, खांदे आधी, तोंड नंतर. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं, तिंतो, काळी कॉफी, मागवली. वाईट मुलगा नाही. वाईट असता तर काम सोपं होतं.

“गाणं तुझं कधीपासून झालं रे?”

“नोंद केली तेव्हापासून. कागद आहे, दाखवू?”

“नाव मी ठेवलंय. चादर माझी होती.”

“नावावर हक्क नसतो मावशी, मी विचारून आलोय. हक्क असतो आवाजाच्या नोंदीवर.”

“बरं. मग ती कुणाची? गातोय तो कोण, तू?”

“तुम्ही सांगा कोण.” त्याने भोंग्यातून हात बाहेर काढला, फडक्याने बोटं एकेक पुसली. “देवाशपथ सांगतो, गायकाचं नाव सांगा, आत्ता तुमच्यासमोर तक्रार मागे घेतो. माझा बाप विचारत विचारत गेला. नाफेरकाका काय म्हणायचे त्याला? ज्याचं नाव कुणाला माहीत नाही ते ज्याच्या हातात त्याचं. भर रस्त्यात, भोंग्यातून म्हणायचे. मी नऊ वर्षांचा होतो. आता हातात माझ्या आहे.”

“तुझ्या हातात आमच्या पानावरून उतरवलेली आमची कॅसेट आहे. तिच्यावर माझ्या नवऱ्याचा आवाज आहे.”

“तो झाकला,” तो म्हणाला, आणि जरा ओशाळलाही. त्याने गाणं लावलं. दुकानातल्या सगळ्या भोंग्यांतून एकदम. जिथे जिथे नाफेर होता तिथे तिथे ओस्वाल्दोने आपल्या पिकोचं नाव चढवलं होतं, आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, जिथे गिटार खाली येते, तिथे भोंगा. पोलीसगाडीचा असतो तसा, लांबलचक. मी कान दिला. भोंग्याच्या खाली, ओल्या भिंतीतून जुना रंग दिसावा तसा, नाफेर होता. ‘एनि’ एवढंच वर आलं. बाकीचं खाली राहिलं. कॉफी संपवून मी उठले. मला राग यायला हवा होता. आलं ते वेगळंच, दिवसभर कपडे धुतल्यावर खांद्यात येतं तसं काहीतरी. बापाची सहा वर्षं पोराने वसूल केली, आणि धडा त्याला आमच्याच घरातून मिळालेला. त्याच्या जागी मी असते तर सायरन जरा अलीकडे लावला असता, एवढाच फरक.

डॉक्टर लास्कारियो वकील आहेत, जोड्यांच्या दुकानावर बसतात, आणि त्यांना डॉक्टर म्हटलं नाही तर ऐकू येत नाही. त्यांनी यादिराने आणलेले कागद उलट-सुलट वाचले. उलट अर्ज करायचा तर खाली शपथ आहे, ते म्हणाले, खोटं निघालं तर ते भोगावं लागतं.

“सेन्योरा, हे गाणं तुमचं आहे?”

“नाही.”

“पेर्तूस यांचं?”

“मुळीच नाही.”

“मग कुणाचं?”

“ते मी खरवडलं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. यादिराने छताकडे बघितलं. मी त्यांना सगळं सांगितलं, नाणं, बोळा, निळं लेबल, दोन काठ्या. वकिलांना अशी हकिकत ऐकताना एक प्रकारची तहान लागते. ते तीनदा पाणी प्यायले. “भांडायला दोघे आलेत,” ते शेवटी म्हणाले, “आणि मालक तिसरा. तो आणल्याशिवाय तुम्ही दोघे सारखेच. किंबहुना ते तुमच्यापुढे, कारण त्यांनी निदान फॉर्म भरला. नवऱ्याचं ओरडणं तुमचं, ते कुणी नेत नाही. पण ते दुसऱ्याच्या गाण्यावर बसलेलं आहे. गाणं उचललं की ते पडतं.” जिना उतरताना यादिराने कागद पिशवीत कोंबले. खाली आल्यावर म्हणाली, “तू खोटं सांगून एखादं नाव ठोकून द्यायला हवं होतंस. तुझी सवय आहे.” मुलीच्या जिभेलाही दार नाही, हे मला त्या दिवशी बरं वाटलं.

तबकडी कपाटात, उशीच्या अभ्र्यात होती. बाकीच्या नाफेरच्या आजारपणात एकेक करत विकल्या गेल्या, ही ठेवली. मी ती मांडीवर घेतली. लेबलाच्या जागी माझंच काम होतं, करड्या कागदाची वाटोळी जखम, कडा एकसारख्या. सुबक काम. त्याचा मला त्या क्षणीही अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. अंगठा सवयीने कडेने फिरला. लेबल संपतं आणि रेषा सुरू होतात, त्यांच्यामध्ये एक काळी गुळगुळीत पट्टी असते. तिथे अंगठ्याला काहीतरी लागलं. बारीक, सुईने ओरखडल्यासारखं. मला आठवलं, मी नाफेरला विचारलं होतं, हे पण काढू का? तो म्हणाला होता, राहू दे, प्लास्टिकावरचे आकडे कोण वाचतं. चाळीस वर्षं आम्ही दार बंद करून बसलो होतो आणि खिडकी उघडी होती. बिचारा पेर्तूस. त्याच्या बहिणीला टोपलीऐवजी भिंग द्यायला हवं होतं.

यादिराने पट्टीचा फोटो काढला, उजेडात तिरका धरून. सात आकडे आणि दोन अक्षरं. जगात जुन्या तबकड्यांवर जीव टाकणारी माणसं असतात, त्यांच्या कट्ट्यावर तिने तो टाकला. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी ब्रसेल्समधल्या कुणी सांगितलं, की हा किन्शासाचा छाप आहे, फार थोड्या निघाल्या, त्याच्या माहितीत आता एकही नाही. गायक आन्सेल्म लांडू, गाण्याचं नाव ‘नदीपलीकडे’. वारला. बायको आहे, मतादी बंदरात, सुनेजवळ राहते. नाव इतकं सहज समोर आलं, की मी ते चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. आन्सेल्म लांडू. दोन उंच काठ्या होत्याच त्यात, दोन एल. मी त्या सगळ्यात शेवटी काढल्या होत्या. ‘नदीपलीकडे’ हे काही ‘ओल्या चादरी’पेक्षा बरं नाव नाही, असंही मनात आलं, आणि ते मनात आल्याची लाज.

यादिराने सुनेला पत्र लिहिलं, यंत्राकडून त्यांच्या फ्रेंचमध्ये करून घेतलं. आमचं गाणं बंद असल्याने ओस्वाल्दोचंच जोडलं. उत्तर आलं ते मुदतीच्या आठ दिवस आधी. यादिराने ते मला उभ्यानेच वाचून दाखवलं. मी भांडी घासत होते, नळ बंद केला.

बाईने सुनेला सांगून लिहवलं होतं. कंपनी केव्हाच बुडाली, हक्क नवऱ्याकडे परत आले, त्याच्यामागे माझ्याकडे, कागद आहेत. भोंगे वाजवणाऱ्या त्या गृहस्थांना मी कळवते, की हे त्यांचं नाही. तुमच्या नवऱ्याचा आवाज तुम्हाला हवा आहे, हे मला कळतं, तो ठेवायला माझी ना नाही, तसं लिहून देईन. पण एक विचारायचं आहे. आमच्याकडची तबकडी लुटालुटीच्या वर्षी घरासकट गेली. तीस वर्षांत मी हे गाणं ऐकलं नव्हतं, परवा ऐकलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आन्सेल्म माझं नाव घेतो. घरात तो घेत नसे, आमच्यात पद्धत नाही, म्हणून गाण्यात घेतलं होतं. तिथे आता भोंगा आहे, आणि सून म्हणते भोंग्याच्या खाली आणखी एक माणूस ओरडतोय. ह्या दोघांच्या शिवाय असलेलं गाणं तुमच्याकडे आहे का? असेल तर पाठवा. नसेल तर राहू द्या, तरी मी तुमचं काम करीन. बिबियान लांडू.

“आई,” यादिरा म्हणाली. “नळ पुन्हा सोडलास.”

नाफेरने ती तबकडी कधी कुणाला मोकळी ऐकवली नाही. स्वतःच्या भावालाही नाही. मोकळं गाणं म्हणजे उघडं पडलेलं गाणं, कुणीही उचलून नेईल. त्याने त्यावर एवढं ओरडून ठेवलं ते हौसेने नव्हे, ती कुलपं होती. आणि एका कुलपाला त्याने माझं नाव दिलं. हे मी इतकी वर्षं प्रेमाच्या बाजूला मांडत आले होते. आता ते कुठल्या बाजूला मांडायचं कळेना. त्याला ती भाषा येत नव्हती. पण एक बाप्या एका बाईला हाक मारतोय एवढं कळायला भाषा लागत नाही. त्याने ऐकलं, त्याला ते आवडलं आणि ती जागा त्याने माझ्यासाठी घेतली. लेबल मी खरवडलं, नाव त्याने खरवडलं. दोघांचे हात हलके.

शनिवारी यादिराला सुट्टी होती. भाच्याचं तबकडीयंत्र तिने जेवणाच्या टेबलावर मांडलं, फोन ताटाला टेकवून उभा केला, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. उन्हाने खोली लगेच तापली. “एकदम गप्प बसायचं,” तिने मला बजावलं, “खोकला आला तर गिळायचा.” सुई टेकली. मी हे गाणं हजार वेळा ऐकलं होतं आणि पहिल्यांदाच ऐकत होते. जिथे नाफेर असायचा तिथे खड्डे नव्हते, तिथेही गाणंच होतं, एक शिट्टी, कुणाचंतरी हसू, लाकडावर लाकूड. पहिलं कडवं गेलं. दुसरं चढलं. माझ्या पाठीत, मानेत, जिभेच्या मुळाशी ती जागा जवळ येत असल्याचं कळत होतं, जिन्याची शेवटची पायरी अंधारातही पायाला कळते तसं. गिटार खाली आली. माझं तोंड उघडलं. मी काय म्हणणार होते मला माहीत नाही, बहुतेक ‘ऐकतेय’. मी भांड्याचं ओलं फडकं, हाताला आलं ते, तोंडात दाबून धरलं. आणि त्या शांततेत, अगदी हळू, ओरडून नव्हे, उशीवरून बाजूच्या उशीवर म्हणावं तसं तो माणूस म्हणाला, “बिबियान.” मग जरा थांबून पुन्हा, “बिबियान.” दोनदा. नाफेरने माझं एकदाच घेतलं होतं. बाकीची जागा त्याने “ऐकतेयस ना” ने भरली होती.

गाणं संपलं. सुई मधल्या काळ्या पट्टीवर खरखरत राहिली, आकड्यांवरून. यादिराने फोन उचलला.

“नीट आलंय,” ती म्हणाली. “पाठवते. त्यांचं पत्र आलं की आपलं गाणं परत मिळेल. सोबत काय लिहू?”

“लिही, लेबल मी खरवडलं.”

“आई, त्यांनी ते विचारलेलं नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचा काही संबंध नाही.”

“नाही ना? तरी लिही. नवऱ्याने नव्हे, मी. नाण्याने.”

तिने लिहिलं. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला. तबकडी पुसून अभ्र्यात घातली. आणि मग फडकं धुवायला घेतलं, कारण त्यावर दातांचे वण उठले होते.